माहीच गाडी काऊन नापास?

…नापास! भर रस्त्यात, चार लोकाईसमोर, म्हणते नापास! अन् तुमाले सांगतो, त्या पीयूसीवाल्या प्रफुलची धूर मोजाची मशीन ज्या जनरेटरवर चालते ना, तो जनरेटरच असा काया धूर ओकून राह्यला व्हता का बाजूचा चहावाला दिसेना! म्या म्हटलं, "प्रफुलभाऊ, याची पीयूसी कोण काढते?" तर थंडपणे म्हणते, "नत्थूकाका, जनरेटरले नंबरप्लेट नसते." घ्या! धूर का एकली माहीच गाडी सोडते जी?

आता गाडी जुनी हाये, कबूल. सेलूच्या एका मास्तरनं वापरून वापरून विकलेली व्हॅन. म्या घेतली तवापासून पवनारहून वर्ध्याच्या बाजारात वांगे अन् मेथी वाहून राह्यली बिचारी. खालचा पत्रा सडला, तिथं पोतं अंथरलं. काचा खाली होत नाईत. पण पयते ना! अन् घाई काऊन? तर माही लेक गुंजन जाम गावाले दिली, तिले पह्यली पोरगी झाली, अन् उद्या तिथं बारसं! पाळणा आमच्याकडचा. आमी नाई पोचलो तर माह्या नातीले का सुपात घालतीन? अन् जामच्या चौकात पोलीस असा उभा राह्यते, बिना पीयूसीचं हालू देत नाई. बाजूनं ट्रक काया धूर सोडत जाते, त्याले सलाम! धूर का एकली माहीच गाडी सोडते जी?

मंग चिंधू मिस्त्रीकडे गेलतो. त्यानं कार्बोरेटर खोललं, प्लग घासले, अन् म्हणे, "काका, आता सायलन्सरले नाक लावून श्वास घ्या!" घ्या म्हणे! मी गाडी पास कराले आलो का दवाखान्यात भरती व्हाले?

पण आमची घरवाली, कुंताबाई! ते म्हणे, "येवढ्या गुणाच्या गाडीले नापास करते म्हंजे नजरच लागली." मीठ, मोहरी, मूठभर भिवापुरी मिरच्या घेऊन गाडीभोवती फिरली. आता हे उतरवलेलं चुलीत टाका लागते. पण चूल आमची मोडली, घरात गॅस. मंग हिनं डोकं चालवलं… सायलन्सर गरमच असते ना, तिथंच जयन आपोआप! मले न सांगता साऱ्या मिरच्या आत कोंबल्या!

सकायी प्रफुलनं नळी घातली. "काका, रेस द्या." म्या दिली. धूर? दिसाले काईच नाई! म्या खुश! अन् मंग प्रफुल शिंकला. चहावाला खोकला. लायनीतले लोक गाड्या सोडून पयाले. कोणी वरडे, "कोण फोडणी देऊन राह्यलं बे इथं?" अन् मशीन? मशीनले ना नाक, ना डोये… पास! प्रफुलनं रडत रडत कागद हातात देला, "काका, जा आता, हात जोडतो." आता सांगा, जनरेटर चालते, ट्रक चालते, अन् मिरचीचा धूर सरकारी मशीनमधून पास होते! तरी पह्यल्या दिवशी नापास माहीच गाडी!

निंघालो जामले. थ्या पोत्याखालून सारी फोडणी आत! मी रडतो, कुंता रडते, म्हणते, "पाहा, नजर किती जबर व्हती!" चौकात पोलिसानं अडवलं. आत वाकून पाह्यलं, टोपी काढली, म्हणे, "जा काका… कोण गेलं?" पीयूसी पाह्यलीच नाई! ज्या कागदासाठी दोन दिवस जीव काढला, थो पाह्यलाच नाई बापा!

अन् दारात विहीणबाई उभ्या, प्रमिलाबाई. आमचे लाल डोये पाह्यले, नाक वाह्यते, पदर भिजला… कमरेवर हात ठेवला. "पोरगी झाली म्हणून रडत आले काय जी?" गुंजनचं तोंड उतरलं. आता मी का मिरच्या सांगू? तिथं कोण मानन? माह्या तोंडातून निंघून गेलं, "आनंदाचे आसू हायेत, बाई!" नातीले उचललं तं खरंच आले… पण थे कोणी मोजले नाई.

तवापासून बापा, जामले गेलो का दारातच रडा लागते. एक डाव कोरड्या डोयानं गेलतो, तं विहीणबाई म्हणते, "काऊन जी, नातीचा आनंद सरला काय?"