मामाचं गाव मोगलाई

(केनवड. सप्टेंबरातली सांज, घरापुढचा ओटा. सासू गोजराबाई, सून निकिता. सायली शाळेतून आली ती दप्तर न काढताच आत जाऊन बसली आहे.)

गोजराबाई : हसले त हसले, बाप्पा. लेकरंच हायेत.

निकिता : बाईंनी विचारलं, तुझ्या मामाचं गाव कोणतं? पोरगी उभी राहून म्हणली, मोगलाई. सारा वर्ग हसला, आत्याबाई. एक पोरगं म्हणलं, मग तू मोगल का?

गोजराबाई : त्यात काय झालं? नदीपल्याड सारी मोगलाईच. माही सासू म्हने, मी म्हन्तो.

निकिता : तिला वाटतं ते गावाचं नाव हाय. माहेरी निघाले की 'चालली मोगलाईत'. तोंड उघडलं की 'मोगलाई बोली'. भाजी तिखट झाली की 'मोगलाई हात'. कनेरवाडी हे नाव एकदा तरी निघालं का तुमच्या तोंडातून?

गोजराबाई : लाडानं म्हन्तो व.

निकिता : लाडानं? निजामाच्या राज्याला म्हणायचे मोगलाई. ते बुडावं म्हणून माहा पणजा रझाकारांच्या गोळीनं मेला. पणजी नदी उतरून इकडं वऱ्हाडात आली, आजा पोटात. माघारी जाईपर्यंत भाकर दिली इथल्या लोकांनी, नाही म्हणत नाही. अन् नाव पाडलं 'मोगलाईतली'. जिच्यापायी नवरा गेला, तिचंच नाव तिला.

गोजराबाई : हे मले कोनी सांगतलं?

निकिता : विचारलं कधी तुम्ही? अन् तुमचं वऱ्हाड तरी कोणाचं होतं? निजामाचंच. इंग्रजाला चालवायला दिलेलं.

गोजराबाई : कायच्या काय बोलून राह्यली.

निकिता : खरं बोलायले. देश मोकळा झाला तरी आम्ही वर्षभर अडकून होतो. उद्या सतरा सप्टेंबर, त्या दिवशी सुटलो. तिकडं झेंडा लागतो, सुट्टी असते. मी सायलीला घेऊन जाणार.

गोजराबाई : अन् इथली शाळा?

निकिता : बुडू द्या एक दिवस. मोगलाई सरून पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली, आत्याबाई. या एका ओट्यावर तेवढी चालू हाय.

गोजराबाई : हळू बोल. पोरगी आयकून राह्यली.

निकिता : ऐकू द्या.

गोजराबाई : ...सायले. ये इकडं. दप्तर काढ पयले. मामाचं गाव कोनतं?

सायली : नाई सांगत. हसतात.

गोजराबाई : कनेरवाडी. म्हन.

सायली : कनेरवाडी. मंग मोगलाई कुठी हाये, आजी?

गोजराबाई : सरली म्हन्ते तुही माय.