तेवीस दिवसांचे बारा

(महादेवपुरा. सकाळचे पावणेआठ. उपेंद्र सांगत आहेत; त्यांची पत्नी नयना औषधचाचणीच्या वहीत लिहीत आहे.)

उपेंद्र : सहाला उठलो. सहा दहाला दात घासले, ब्रश डाव्या हातात. शर्टाची बटणं पाच. चार मी लावली, अकरा मिनिटांत. गळ्याजवळचं तू.

नयना : स्वल्प हळू. कारखान्यातलं इन्स्पेक्शन नव्हे हे.

उपेंद्र : कॉफी अर्धा पेला, ठसका एकदा. मुठीचा जोर नऊ किलो.

नयना : सरी, बरं. लिहिलं.

उपेंद्र : नऊ लिहायला पेन एकदाच टेकतं. तू दोनदा टेकवलंस. वही दाखव.

नयना : उप्पीट निवतंय, अहो.

उपेंद्र : निवू दे... बारा. कालही बारा, परवाही बारा. कधीपासून?

नयना : तीन तारखेपासून. आज तेवीस दिवस झाले.

उपेंद्र : एकतीस वर्षं लोकांच्या खोट्या नोंदी पकडल्या मी.

नयना : त्यांच्या घरी आजारी माणूस नव्हतं. हॉस्पिटलच्या बाकावर ती दुसऱ्या पेशंटची बायको, गंगव्वा, म्हणाली, तिच्या नवऱ्याचे आकडे घसरले आणि त्याला चाचणीतून काढलं.

उपेंद्र : त्याला श्वास पुरेना, म्हणून थांबवलं. तो स्वतः मला म्हणाला.

नयना : मला कुठं ठाऊक? मला एवढंच कळलं होतं, की हे औषध म्हणजे शरीरातच तयार होणारा वृद्धिघटक, आणि तो स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना मरू देत नाही. तो बंद झाला तर आपल्या हाती काय उरतं?

उपेंद्र : मरू देत नाही, हे उंदरांत दिसलंय. माणसांत दिसतं का, ते पाहायला ही वही. शिवाय मला औषध देताहेत की नुसतं मिठाचं पाणी, हे डॉक्टर हेमावतींनाही माहीत नाही.

नयना : म्हणूनच तर भीती वाटते.

उपेंद्र : पाणी असेल, तर तुझ्या वहीत पाण्यानंच माणूस टिकलाय. मग खरं औषध त्याच्यापुढं फिकं पडेल आणि ते टाकून देतील.

नयना : आणि औषधच असलं तर?

उपेंद्र : तर गुण नसताना गुण दिसेल. आणखी शंभर जण पाठीच्या कण्यात सुया टोचून घेतील.

नयना : कळवलं तर तुम्हांला काढतील.

उपेंद्र : काढू शकतात.

नयना : किती सहज म्हणता.

उपेंद्र : सहज नाही, नयना. मलाही राहायचंय त्यात. तुझ्याइतकंच.

नयना : मग आता काय करायचं?

उपेंद्र : खरे आकडे गेलेच ना?

नयना : नाही. कॅलेंडरच्या मागच्या पानावर आहेत, तारखेसकट.

उपेंद्र : ते कशाला लिहिलेस?

नयना : तुम्ही किती उरलात, ते मला तरी ठाऊक असावं म्हणून.

उपेंद्र : फोन दे. मी बोलतो.

नयना : तुमचे शब्द आता फोनवर कळत नाहीत. आणि डॉक्टरांशी कन्नडात नेहमी मीच बोलते. लिहिलंही मीच.

उपेंद्र : लाव मग.

नयना : हॅलो, डॉक्टर? मी नयना, उपेंद्रांची पत्नी. वहीतले तेवीस दिवसांचे आकडे मी वाढवून लिहिलेत... हो, मीच. त्यांना आज कळलं... खरे माझ्यासमोर आहेत... सरी. घ्या लिहून. तीन तारीख, अकरा. चार, अकरा. पाच तारीख... दहा.