कूवम आणि मोजे

हसायचं तर शेवटी हसा. तांबरमच्या आपल्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढतो ना, ती सवय माझ्याबरोबर जर्मनीला आली. महिन्याभराची इंटर्नशिप, पहिलाच परदेश, आणि तिथल्या लॅबमधल्या पहिल्याच मीटिंगमध्ये मला आपल्याकडची सांडपाण्याने भरलेली कूवम नदी स्वच्छ करायची माझी कल्पना मांडायची होती. घाईघाईत बूट दाराबाहेर काढून आत शिरले.

लॅबच्या प्रमुख बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट कुठे आहेत?"

"बाहेर. आमच्याकडे लॅबमध्ये बूट घालून जात नाहीत."

मोज्यातून माझा अंगठा डोकावत होता. वाटलं, आता नदीबद्दल कोण ऐकणार?

बाई उठल्या, स्वतःचे बूट दाराबाहेर ठेवून आल्या. त्यांच्या मोज्यांना दोन भोकं होती!

"हं," त्या म्हणाल्या, "आता नदीचं सांग."