छतातला स्क्रू

टाल्कम पावडर. बागेचा पाइप. बिस्किटांचा डबा. रक्ततपासणीच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या शिंप्याने मासिक मिटलं आणि मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोच्या बोलण्याकडे कान लावले.

“होडीची केबिन गळते म्हणून तुम्हीच म्हणालात ना, आतून छताला पावडर फास, मी वरून पाइप सोडतो, पाण्याची वाट दिसेल?”

“मग दिसली ना?”

“दिसली! तुम्ही छतातून आरपार घातलेल्या स्क्रूपासून निघाली. आणि त्या स्क्रूला, फळीच्या मागे, टांगलेला बिस्किटांचा डबा!”

“अगं, अडीअडचणीला असावा म्हणून.”

“डॉक्टरांनी गोड बंद केलंय तुमचं! रिपोर्टात साखर वाढलेली निघू दे, होडीवर एकट्याला पाऊल ठेवू देणार नाही.”

“स्क्रू काढतो, भोक आजच बुजवतो. पण एक सांग, डब्यातल्या बिस्किटांना पावडर कशी लागली?”

“मी मोजत होते.”

“डबा भरलेला होता. मोजून किती उरली?”

“दोन.”

“बाकीची?”

“हळू बोला हो, लोक ऐकताहेत.”

त्या सकाळी उपाशीपोटी रक्त दोघांनीही दिलं होतं.