मांडव उभाच आहे

गावातल्या सगळ्या बायामाणसांनो, सलीमबेटा, बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांनो,

मला बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तीही अर्धी गुरांमागे गेली. रात्री कागदावर चार ओळी लिहिल्या होत्या. आता चष्मा घरी राहिला. त्यामुळे जे आठवेल ते सांगतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

गफूरभाई गेले. परवा सकाळी मांडवाचा दोर गुंडाळत ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. चाळीस वर्षं या गावातल्या प्रत्येक लग्नाचा मांडव त्यांनी घातला. आज आपण बसलो आहोत, हा मांडवही त्यांचाच. सलीमनं सकाळी घातला. बापाच्या शोकसभेचा मांडव लेकानं घालायचा, याला काय म्हणावं?

तुम्हाला आठवत असेल, बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा कापूस घरात मावत नव्हता. आम्ही कापसावर झोपायचो. तेव्हा लग्नं मोठी झाली. बँड आला, घोडा आला, चार चार गावांना चूलबंद आवतन गेलं, त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटायची नाही. मग बोंडात अळी शिरली. कापूस घटला. मांडव घटला का? नाही घटला. कापूस घटला, मांडव वाढतच गेला.

अळीच्या त्या वर्षी माझ्या लेकीची, कांताची सोयरीक जमली. लग्नाच्या खर्चासाठी विहिरीजवळचं वावर विकायचं मी मनात धरलं होतं. मांडव सांगायला गफूरभाईंकडे गेलो. ते बांबू मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "साखरपुडा कवा हाय, नामदेवभाऊ?"

म्हटलं, "रविवारी."

"अन् लगन?"

"वैशाखात."

"काऊन? रविवारी पोरगा येऊन राह्यला. पोरगी घरातच हाय. मामा येऊन राह्यला, भटजी येऊन राह्यला. मंग बाकी कोण राह्यलं?"

मी म्हटलं, "मांडव बाकी राह्यला."

तेव्हा ते हसले. "तो त माह्याच घरचा हाय. त्याले आवतन नाही लागत."

मला राग आला. वाटलं, हा माणूस मला गरीब समजतो. म्हटलं, "अन् तुमचा धंदा, भाई?"

ते म्हणाले, "मांडव मी संध्याकाळी सोडून घरी नेतो, भाऊ. वावर गेलं त ते तुमच्या घरी कोण आणून देईन?"

मी घरी आलो. कोणाला काही बोललो नाही. माझा स्वभावच तसा आहे. लोक काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, हेच डोक्यात फिरत राहतं. रविवारी गफूरभाईंनी घातलेल्या छोट्या मांडवात साखरपुडा झाला. कुंकू लागलं, पेढे वाटले, पाहुणे पान खाऊ लागले. मी खांबाला टेकून नुसता घाम पुसत होतो. तेवढ्यात गफूरभाई उभे राहिले. व्याह्यांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "मांडव उभाच हाय, पाटील. पोट्टा-पोट्टी बसेलच हाय. अक्षता टाकून द्या."

  व्याह्यांनी कांताच्या मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "मले चालते."

झालं. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद आणली, घरच्याच तांदळाच्या अक्षता केल्या. साखरपुड्याच्या साडीवर माझी लेक उजवली.

लोक बोलले. खोटं कशाला सांगू? "पोरीची काही भानगड असन, म्हणून घाईत उरकलं," असंही बोलले. कांताच्या आईनं वर्षभर गफूरभाईंच्या घराची वाट धरली नाही. मग एका पावसाळ्यात त्याच विहिरीजवळच्या वावरातले मूग निघाले. पहिली पायली तिनं स्वतः डोक्यावर घेतली आणि त्यांच्या दारात नेऊन ठेवली.  त्यांनी आत आवाज दिला, "भाभी आली, चाय ठेव."

नंतर किती साखरपुड्यांत ते असे उभे राहिले, तुम्हीच आठवा. प्रत्येक वेळी त्यांचाच लग्नाचा मोठा मांडव बुडाला. प्रत्येक वेळी बोलले तेच. आम्ही मुलीचे बाप खांबाला टेकून उभे.

आता एक गोष्ट सांगतो. ती इथं सांगावी की नाही, हे मला कालपासून कळत नाही. येत्या रविवारी माझ्या नातीचा, पल्लवीचा साखरपुडा आहे. तिचा बाप, माझा मुलगा वसंता, तिथं मागं बसला आहे. त्याला वैशाखात मलकापूरला मोठ्या लॉनवर लग्न करायचं आहे. विहिरीजवळचं तेच वावर त्यानं गिऱ्हाइकाला दाखवलं आहे. मी घरात काही बोललो नाही. मनात धरून होतो, की रविवारी गफूरभाई आहेत. ते उभे राहतील. ते बोलतील.

आता कोण उभं राहणार?

वसंता, खाली पाहू नको, बापू. तुला चार लोकांत लाजवायला मी बोलत नाही. मलाही लाज वाटते आहे. पल्लवीचे होणारे सासरे, मोताळ्याचे व्याही, समोरच बसले आहेत. त्यांना हात जोडतो. व्याहीबुवा, आज उत्तर नको. शोकसभेत उत्तर मागू नये, एवढं मला कळतं. रविवारी या. येताना पोराच्या मामाला घेऊन या.

सलीमबेटा, हा मांडव आज सोडू नको. रविवारपर्यंत राहू दे.

आता सगळे उभे राहा. गफूरभाईंसाठी दोन मिनिटं शांत राहू. एवढी वर्षं आमच्या वाटचं तेच बोलले.