साहेबांची हिरवी स्क्रीन

आमच्या कुरकुंभच्या कंपनीतले आयटीचे साहेब म्हंजी निव्वळ टाय बांधलेला दगड. वजनकाट्याची पावती ऑफिसला पोचेना, म्हणून गेटवर टँकर तुंबायचे. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधी काट्यापासून ऑफिसपर्यंतची लाइन लालभडक दिसायची, कारण एक टोक फुल डुप्लेक्सवर, म्हंजी बोलणं-ऐकणं एकदमच, आन् दुसरं हाफवर, म्हंजी एका वेळी एकच. एक थांबून ऐकतंय, दुसरं मधीच बोलतंय, मग काय पोचणार?

मी त्यांच्या हाताखालचा नेटवर्कवाला. म्हणलं, “साहेब, दोन्ही टोकं सारखी करतो. दोन मिनिटांचं काम हाय.”

“सेटिंगला हात लावू नकोस. उद्या ऑडिट आहे, फक्त ते लाल दिसायला नको,” म्हणले, आन् स्वतःच त्या लाइनचा अलार्म बंद केला, तशी ती स्क्रीनवर हिरवी दिसाय लागली.

दुसऱ्या दिवशी ऑडिटरचा फोन आला, “तुमच्या गेटवर टँकरच्या रांगेत अडकलोय.”

साहेबांनी स्क्रीन बघितली. म्हणले, “इथं सगळं हिरवं आहे. तुम्ही दुसऱ्याच कंपनीच्या गेटवर असाल.”