लाल झेंडीचे वाफे

(कोरेगावजवळचं गाव. आल्याच्या रानात क्रांती आणि तिचे वडील, फौजेतून रिटायर झालेले नाथाजी.)

नाथाजी : वाफ्याला दोनच पाट्या. लय न्हाई. यंदा बी टाकू का, म्हणून इचारलं.

क्रांती : आबा, पाट्या कशाच्या?

नाथाजी : लेंडीखताच्या. गेल्या साली भरणीच्या टायमाला, आल्याला माती चढवताना टाकल्या. लाल झेंडीच्या बारा वाफ्यांत.

क्रांती : माझ्या प्रयोगाची, पीक वाढवायची पावडर होती त्याच वाफ्यांत?

नाथाजी : व्हय. बिनझेंडीच्या बारांना हात बी लावला न्हाई.

क्रांती : आवं, काय केलंत हे! चोवीस वाफ्यांना सगळं सारखं, फरक फक्त पावडरीचा, असं दहांदा बजावलं होतं. चिठ्ठ्या टाकून वाफे निवडले ते कशाला मग?

नाथाजी : तू असं बी म्हणालीस, की आदी धरून चालायचं पावडरीचा काय उपेग न्हाई. लेकीचं काम, आन् सुरवातच अशी अभद्र? मला न्हाई बघवलं.

क्रांती : ती रीत असते आबा. उपयोग नाही असं धरायचं आणि आकड्यांनी ते खोटं पाडायचं.

नाथाजी : मग पडलं की खोटं! एवढा फरक नुसत्या नशिबानं पडायची शक्यता हजारात एक, असं तूच नाचत सांगितलंस.

क्रांती : नशिबानं नाही, लेंड्यांनी पडला!

नाथाजी : हळू बोल. बांधाला शेजारचा हंबीरराव हाय.

क्रांती : परवा माझी तोंडी परीक्षा. प्रबंध बांधून गेला. पदवी त्यावर, नोकरी त्यावर. आता सांगितलं तर वर्ष गेलं. नाही सांगितलं तर...

नाथाजी : तर कुणाला कळतंय? लेंड्या कवाच मातीत मुरल्या.

क्रांती : हंबीरकाकांनी यंदा खत टाकलंच नाही. नुसती पावडर. माझे आकडे बघून.

नाथाजी : समद्या दोन एकरांत?

क्रांती : समद्या. मीच म्हणाले, काका, बिनघोर राहा.

नाथाजी : आरं देवा. पोरी, म्या चांगलंच कराय गेलो गं.

क्रांती : ठाऊक आहे. म्हणून तर धड भांडता पण येईना तुमच्याशी.

नाथाजी : आसं कर. लेंड्यांनी जेवढं वजन वाढलं, तेवढं वजा करून टाक.

क्रांती : किती वजा करू?

नाथाजी : ते तुझ्या गणितात निघंल की.

क्रांती : नाही निघत. जिथं पावडर तिथंच लेंडी. एक आहे आणि दुसरं नाही, असा वाफाच कुठं ठेवलात?

नाथाजी : आगं, चाललीस कुठं?

क्रांती : आधी काकांकडं. मग सरांना फोन.

नाथाजी : थांब, म्या बी येतो. माझी चूक, म्या सांगतो. पर क्रांते, पावडर खरंच गुणाची असंल तर गं?

क्रांती : असेल पण. ते आता तुम्हाला कळायचं नाही, आणि मला पण नाही.